उलटं ठेवलेलं सुलटं करू नये

टाचणीबाईंच्या घरी पहिल्यांदा जाणाऱ्याने बसण्याआधी खुर्ची नीट बघून घ्यावी. खुर्चीचं तोंड भिंतीकडे असेल तर मुकाट्याने उभं राहावं. त्या खुर्चीत बाईंची एक कल्पना बसलेली असते, आणि कल्पनेच्या मांडीवर कुणी बसलेलं बाईंना खपत नाही. रेडिओवर उपडी घातलेली चाळणी, न्हाणीघरातली पालथी बादली, दाराच्या कडीला लटकवलेला कालथा, यांतल्या कशालाही हात लावायचा नाही. बाईंनी उलटं ठेवलेलं दुसऱ्या कुणी सुलटं करायचं नाही, हा त्या घराचा कायदा. बाकी बाबतींत ते घर तुमच्याआमच्यासारखंच आहे.

बाई कापडाच्या एका मोठ्या दुकानात शोकेस सजवतात. रस्त्यावरून जाताना काचेपलीकडे जे पुतळे दिसतात, त्यांना कपडे चढवायचे, उभं करायचं आणि त्यांच्याभोवती काहीतरी घडतंय असं दाखवायचं. जाणारा थांबला पाहिजे. थांबला तर आत येईल, आत आला तर काहीतरी घेईल, असा मालकांचा हिशेब. बाईंचा हिशेब त्याच्या अलीकडेच संपतो. माणूस थांबला की त्यांचं पोट भरतं.

नाव पडलं ते कॉलरमुळे. घरी, दारी, बाजारात, बाईंच्या कॉलरला टाचण्यांची रांग टोचलेली असते. लेक लहान होती तेव्हा आईला मिठी मारण्याआधी "आई, टाचण्या?" असं विचारून घ्यायची. दुकानात कमी बोलणाऱ्या बाई शोकेसमध्ये शिरल्या, काचेला आतून कागद लावला, चपला काढून नुसत्या मोज्यांवर वावरू लागल्या, की तोंडात चार टाचण्या धरून पुतळ्यांशी गप्पा मारत बसतात. त्यातही ढिलीशी जास्त. ढिली म्हणजे डावा हात खांद्यातून सारखा निखळणारी पुतळी. मालकांनी ती टाकून द्यायला कितीदा सांगितलं, पण बाईंनी तिला कोटाच्या बाहीआड हात लपवून, कधी नायलॉनच्या दोऱ्याने हात बांधून इतकी वर्षं नोकरीत टिकवली आहे.

हातांचं काम बाईंना जमतं. अडतं ते सुचण्यापाशी. दर खेपेला नवीन काहीतरी सुचायला हवं, आणि सुचणं ही चीज बाईंच्या बाबतीत फारच मनस्वी निघाली. मोठमोठे लोक म्हणे काही सुचावं म्हणून डोंगरावर जातात, समुद्राकडे बघत बसतात. समुद्राकडे बघून बाईंना फक्त भूक लागते. विचार करायला म्हणून दुकानात त्यांना वेगळं टेबल मिळालं आहे. त्या टेबलावर त्या डबा खातात. त्यांना सुचतं ते करपलेलं पातेलं घासताना, डोक्याला साबण लावल्यावर, नाहीतर दात घासताना तोंडभर फेस असेल तेव्हा. म्हणजे हात रिकामे नसतील आणि तोंडाने कुणाला सांगता येणार नाही, अशी वेळ बघून ते येतं. आणि हात पुसेपर्यंत पसार होतं.

पकडायचे उपाय करून झाले. नवऱ्याने छान जाड कागदांची वही आणून दिली. वही समोर ठेवली की बाईंना फक्त वही दिसायची. आता तिची पानं टेबलाच्या आखूड पायाखाली आहेत. मग फोनवर आवाज साठवून बघितला. नंतर ऐकलं तर नळाचं पाणी अगदी स्वच्छ ऐकू येत होतं आणि मागे कुणीतरी बुडत असल्यासारखं बोलत होतं. मग लेकीला हाक मारून सांगू लागल्या. लेक शहाणी, तिने सगळं लक्षात ठेवलं: "छत्री होती, आई. आणि तू खूप खूश होतीस." ओढणीला गाठ मारली तर गाठ मारल्याचं तेवढं आठवायचं.

शेवटी एकदा भांडी घासता घासता सुचलं तेव्हा वैतागून बाईंनी हाताशी असलेला डबा उलटा ठेवला आणि घासणं पुरं केलं. दुसऱ्या दिवशी त्या उलट्या डब्यासमोर उभ्या राहिल्या आणि काय सांगावं, कालचं सगळं जसंच्या तसं डोळ्यांपुढे आलं. तेव्हापासून बाईंचं ठाम मत आहे की सुचलेलं डोक्यात राहतच नाही. जिथे सुचलं तिथेच ते रेंगाळत असतं, आपण फक्त जागेवर खूण करून ठेवायची. खूण मात्र अशी हवी, की बघणाऱ्याला टोचली पाहिजे. कल्पना वापरून झाली की बाई स्वतः जाऊन ती वस्तू सुलटी करतात, वर एकदा हात फिरवतात, आणि तेवढ्यापुरतं घर जरा माणसांत येतं.

नवऱ्याला यातलं काही कळत नाही, पण तो कायदा पाळतो. तो कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला आहे. "आमच्या धंद्यात कुणाला काही सुचलं ना," तो म्हणतो, "की गिऱ्हाइकाचं तोंड वाकडं होतं." तरी पालथ्या बादलीमुळे कितीदा तरी तो तांब्याने नळाखाली अंघोळ करून कामावर गेला आहे. याहून जास्त प्रेम कवळीवाल्याकडून कुणी काय मागावं!

तर अशा या बाईंना एक दिवस मालकांनी बोलावून घेतलं. मालकांसमोर एक गुळगुळीत चेहऱ्याचा माणूस बसला होता आणि टेबलावर चकचकीत चित्रं पसरली होती. शोकेसच्या जागी भिंतभर स्क्रीन. त्यावर हसऱ्या मुली कोट घालून दिवसभर चालत राहणार.

"हिला टाचण्या लागत नाहीत," मालक म्हणाले, आणि आपल्याच विनोदावर हसले. मग जरा ओशाळले, कारण माणूस वाईट नव्हता. "बाई, थंडीचे कोट आलेत. या वेळची शोकेस लावा. लोक थांबले तर बघू. नाही थांबले, तर तुम्ही आपल्या वरच्या मजल्यावर घड्या घालायला या. पगार तोच राहील."

पगार तोच राहील, हे त्यांनी बाईंना धीर द्यायला सांगितलं. बाईंची धास्ती पगाराची नव्हती. दिवसभर शर्ट उलगडायचे आणि पुन्हा घडी घालायचे, आणि खाली काचेत कुणीतरी दुसरंच चालत असणार, ही होती. आणि ढिलीचं काय? तिला कोण ठेवून घेणार?

पण खरं सांगायचं तर बाई मनातून निश्चिंत होत्या. कारण दोनच दिवसांपूर्वी त्यांना सुचलं होतं, आणि ते असलंतसलं नव्हतं. दुधाचं पातेलं घासताना ते आलं तेव्हा त्या एकट्याच स्वयंपाकघरात "वा!" असं मोठ्याने ओरडल्या होत्या. लगेच स्टुलावर पातेलं पालथं घातलं, त्याच्याभोवती तीन चमचे उलटे लावले, वर नवऱ्याचा एक मोजा ठेवला, आणि मुद्दाम तिकडे पाहायचं टाळू लागल्या. चांगली कल्पना जरा मुरू द्यावी, सारखं झाकण उघडून बघू नये, असा त्यांचा नेम. सोमवारी दुकान बंद असतं, तेव्हा शोकेस लावायची होती, आणि त्याबदल्यात बाईंना रविवारची सुट्टी होती. रविवारी सकाळी स्टुलासमोर उभं राहायचं की झालं.

शनिवारी नवऱ्याची मोठी बहीण आली.

ताई दुसऱ्या गावाहून, बऱ्याच वर्षांनी राहायला आल्या होत्या. स्वभावाने मोठ्या मायाळू, पण हात स्वस्थ बसत नाहीत. दुसऱ्याच्या घरातली वाकडी तसबीर सरळ केल्याशिवाय त्यांना पाणी गोड लागत नाही. धाकट्या भावाला त्या अजून छोट्याच म्हणतात आणि त्याच्या शर्टाची कॉलर येता-जाता ठीक करतात. शनिवारी बाई दुकानात, नवरा कवळ्यांच्या कारखान्यात, लेक शाळेत. कायद्याबद्दल ताईंना बायकोने सांगितलं असेल असं नवऱ्याला वाटलं, बायकोला वाटलं नवऱ्याने, आणि लेकीला वाटलं की हे सगळ्या जगालाच ठाऊक आहे.

संध्याकाळी बाईंनी दार उघडलं आणि त्यांना वाटलं आपण चुकून शेजारच्यांच्या घरात शिरलो. खुर्च्या टेबलाकडे तोंड करून शहाण्यासारख्या बसल्या होत्या. चाळणी खिळ्याला, बादली नळाखाली. पातेलं फळीवर इतर पातेल्यांच्या ओळीत लख्ख घासून ठेवलेलं. मोज्याला त्याचा जोडीदार भेटला होता.

ताई पदराला हात पुसत बाहेर आल्या. चेहरा आनंदाने फुललेला. "तू दिवसभर दमून येतेस. म्हटलं, जरा आवरून द्यावं. बघ, किती मोठं दिसतंय घर!"

"छान केलंत, ताई," बाई म्हणाल्या, न्हाणीघरात गेल्या, कडी लावली आणि नळ सोडून रडल्या. अगदी मनसोक्त रडल्या.

बाहेर लेकीने एका दमात सगळं सांगून टाकलं. चाळणी, बादली, पातेलं, स्क्रीन, वरचा मजला, ढिलीसुद्धा. ऐकता ऐकता ताई खुर्चीवर बसल्या, मग त्या खुर्चीत काही होतं का म्हणून घाबरून उठल्या आणि जमिनीवर बसल्या.

"मला काय माहीत गं," त्या म्हणत राहिल्या. "मला वाटलं, पसाराच आहे. मला आयुष्यात दुसरं येतं काय? आवरता येतं. तेच केलं."

रविवारी सकाळपासून घरात एकच काम चाललं: पसारा पुन्हा मांडायचा. ताईंची आठवण याबाबतीत दांडगी निघाली, कारण जी वस्तू डोळ्यांत खुपते ती त्या विसरत नाहीत. "चाळणी अशी तिरकी होती. मोज्याचं बोट खिडकीकडे होतं, मला पक्कं आठवतंय, मी म्हटलं सुद्धा, हा छोट्या अजून तसाच." नवऱ्याचं म्हणणं, बोट दाराकडे होतं, मोजा त्याचा होता, त्याला कळायला नको? यावरून बहीणभावांची चांगलीच जुंपली. पातेलं स्टुलावर पालथं झालं, मोजा वर बसला. बाई समोर उभ्या राहिल्या. सगळ्यांनी श्वास रोखून धरला.

बाईंना पातेलं दिसलं. त्यावर मोजा दिसला. बस.

"घासत होतीस ना तेव्हा?" ताई म्हणाल्या. "मग घासून बघ." पण पातेलं लख्ख, त्यात घासण्यासारखं काय? तेव्हा ताईंनी, ज्यांनी जन्मात कधी दूध उतू जाऊ दिलं नव्हतं, त्याच पातेल्यात दूध ओतलं, गॅस मोठा केला आणि ते करपताना डोळे मिटून घेतले. घरभर धूर झाला. बाई घासायला बसल्या. घासून घासून हात दुखले. काही म्हणजे काही आलं नाही.

"तिसरा चमचा!" लेक एकदम म्हणाली. "स्टुलावर दोनच लावलेत. तीन होते ना?"

मग तिसऱ्या चमच्याचा शोध सुरू झाला. जणू त्या चमच्यातच सगळं भरून ठेवलं होतं. नवरा पोटावर झोपून कपाटाखाली हात घालून चाचपू लागला, बाहेर उरली त्याची पाठ आणि पाय. लेक टेबलाखाली शिरली. ताई दुसऱ्या स्टुलावर चढल्या, एक हात कमरेवर, दुसरा कपाटाच्या माथ्यावर, अंबाडा सुटत आलेला, आणि वरून बोलत होत्या, "चमचा कुठे जातो? पाय फुटतात का चमच्याला?"

बाई साबणाच्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या. तिघांच्याही पाठी त्यांच्याकडे. कुणीच इकडे बघत नव्हतं. त्यांना आधी हसू आलं. मग, तिघं काय शोधताहेत ते ठाऊक असूनसुद्धा, बाईंची मान आपोआप वाकली आणि त्यांनी कपाटाखाली डोकावून बघितलं.

आणि तेव्हा ते आलं.

हात ओले. जवळ उलटं करायला काहीच नाही. बाईंनी जे सुचेल ते केलं, म्हणजे त्या किंचाळल्या, "हलू नका!"

कुणी हललं नाही. कायदाच तसा होता त्या घरात.

बाई एकेकापाशी जाऊन बघू लागल्या. पाय कसे पडलेत, कोपर कुठे आलंय, पाठीवर कापड कुठे ताणलंय. स्टुलावर ताई हात वर करून तशाच, ओठसुद्धा अर्धे उघडे.

"पाठ धरलीये," कपाटाखालून आवाज आला.

"धरू दे, छोट्या!" ताई ओठ न हलवता म्हणाल्या. "तिला बघू दे."

सोमवारी बाईंनी काचेला कागद लावला आणि संध्याकाळी काढला. आत एक साधी खोली होती, कपाट, टेबल, स्टूल. सगळे पुतळे थंडीच्या नव्या कोटांत, आणि सगळे काहीतरी शोधत होते. एक टेबलाखाली वाकलेला, एक पडद्यामागे डोकावणारा. स्टुलावर एक बाई, हात कमरेवर, अंबाडा सुटत आलेला. आणि कपाटाखालून एक हात बाहेर आलेला होता, छानशा लोकरी बाहीतला, तो ढिलीचा, खांद्यातून निखळलेला. ढिलीला पहिल्यांदाच हात लपवावा लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मालकांनी रस्त्यावरून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अहो बाई, सगळ्यांच्या पाठीच! कोटाची बटणं कुणाला दिसणार?"

तेवढ्यात पिशवी घेतलेली एक बाई मालकांच्या शेजारी येऊन थांबली. मग दोन शाळकरी पोरं आली आणि त्यांनी काचेला नाकं लावली. "काय हरवलंय?" "तिकडे बघ, त्या टेबलामागे काहीतरी आहे." एक म्हातारे गृहस्थ चक्क काठी टेकवून खाली वाकले. दारावरचा रखवालदार, जो शोकेसकडे पाठ करून दिवस काढतो, तोही दिवसभर अधूनमधून मान वळवून बघत राहिला. दुपारी गुळगुळीत चेहऱ्याचा माणूस माप घ्यायची पट्टी घेऊन आला. काचेपाशी आला, थबकला, आणि पट्टी हातात तशीच धरून कपाटाखाली डोकावू लागला. ते मालकांनी आपल्या डोळ्यांनी बघितलं.

"स्क्रीन आपण आत लावू," ते बाईंना म्हणाले. "पैसे देताना लोक कंटाळतात, तिथे." मग आवाज खाली करून, "बाई, पण ते शोधतायत काय?"

"ते मलाही माहीत नाही," बाई म्हणाल्या. खरंच नव्हतं.

बुधवारी बाई ताईंना मुद्दाम दुकानापाशी घेऊन आल्या. ताई काचेसमोर उभ्या राहिल्या आणि सवयीने हात उचलला, बहुधा तो अंबाडा नीट करायला. मध्ये काच होती. मग त्यांचा हात आपल्याच अंबाड्याकडे गेला.

"ही मी?"

"तुम्हीच."

आजूबाजूला लोक थांबत होते, स्टुलावरच्या बाईकडे बोट दाखवून हसत होते, वाकून बघत होते. "इतकी माणसं," ताई म्हणाल्या, आणि डोळ्यांना पदर लावला. "माझ्या वेंधळेपणाकडे!"

हरवलेली कल्पना नंतर गुरुवारी परत आली, डोक्याला साबण लावलेला असताना. पातेलं म्हणजे थंडीतला सूर्य. चमचे म्हणजे किरणं. मोजा म्हणजे ढग. बाईंनी डोळ्यांतला फेस पुसला आणि पुन्हा एकदा नीट विचार करून बघितला. सूर्य, किरणं, ढग. यासाठी आपण नळ सोडून रडलो! त्यांनी भराभर डोक्यावर पाणी ओतलं, आणि ही गोष्ट नवऱ्याला सांगायची नाही असं ठरवलं. ताईंना मात्र सांगितली. ताई हसून हसून जमिनीवर बसल्या.

शुक्रवारी ताई परत निघाल्या. सामान दाराशी, छोट्या पिशवी घेऊन खाली उभा. ताईंनी उभ्याउभ्याच चहा संपवला, कप विसळायला नळाकडे निघाल्या, आणि मध्येच थांबल्या. खिडकीबाहेर कुठेतरी बघत राहिल्या. मग त्यांनी तो कप, न विसळता, खिडकीच्या कट्ट्यावर पालथा घातला.

बाईंनी त्या कपाकडे बघितलं.

"आत्ताच आलं काहीतरी," ताई म्हणाल्या. लहान मुलीसारख्या लाजल्या होत्या. "कशाचं आहे, काय आहे, मलाच नीट कळलं नाही अजून. पुढच्या वेळी आले की बघेन. राहू देशील ना?"

"तुमचं आहे, ताई. कोण हात लावतंय?"

दोन दिवसांनी फोन वाजला. प्रवास कसा झाला, तब्येत कशी आहे, यातलं काही नाही.

"अगं, माझा कप आहे ना तिथेच?"

"आहे की."

"नीट लक्ष ठेव हं," ताई म्हणाल्या. "लोकांना उगाच आवरायची सवय असते."